अप्पांच्या गाडीतला मुक्काम

लातूर
२ मार्च १९८६

प्रिय शकिला,

हॉस्टेल सुटल्यापासून तू दोन पत्रं पाठवलीस आणि मी एकही नाही. आता पाठवते आहे तेही कामासाठी, म्हणून आधीच कान धरते.

मला काम मिळालं! कायमचं नाही, उन्हाळ्यापुरतं. आमचा जिल्हा नवा, कचेरी नवी, दुष्काळ मात्र जुनाच. पाणी-पाहणीला दहा पदवीधर घेतले, त्यांत मुलगी मी एकटी. मला दोन गावं दिली आहेत, दोन्ही किल्लारीच्या बाजूची. माळेवाडी ३१ मार्चला आणि जांभळवाडी २१ एप्रिलला. काम ऐकायला सोपं आहे. रात्रभरात विहिरीत जे पाणी पाझरतं ते बायका पहाटे उपसतात. विहिरीच्या काठावर बसायचं आणि दर घागरीला एक रेघ मारायची. दोनशेच्या आत घागरी निघाल्या तर गावाला टँकर, नाहीतर नाही. टँकर मोजकेच आहेत, त्यामुळे एका गावाला दिला की दुसऱ्याच्या हातून जातो.

म्हणजे मुक्काम करावा लागतो. बाकीचे नऊ जण शाळेच्या ओट्यावर पडतात. मला साहेब म्हणाले, "तुम्ही सरपंचाच्या घरी उतरा." रात्रभर मी हाच विचार करते आहे. ज्याच्या घरचं जेवले त्याच्याच गावची विहीर मोजायची? माझी रेघ सरळ राहील का? मला कुणाच्या घरी उतरायचं नाही. स्वतःचं पाणी, स्वतःची भाकरी, स्वतःचा बिछाना.

अप्पांची जुनी अँबॅसिडर तुला आठवते ना, परीक्षेनंतर मला न्यायला आणली होती ती? मागची सीट कधीच काढून टाकली आहे. पेंडीची पोती डिकीतून सरळ आत सरकावीत म्हणून मधला पत्राही कापला आहे. त्यात झोपायची सोय होईल का? तुझे अब्बा, ताहेरचाचा, गाड्यांच्या गाद्या शिवतात म्हणून विचारते. सोमवारी आमचं दुकान बंद असतं, त्यामुळे रविवारी रात्री अप्पा गाडी घेऊन येतील. ते बाहेर खाटेवर झोपणार.

अप्पा एका शब्दात हो म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच हो म्हणत नाहीत, म्हणून मला थोडी भीतीही वाटते आहे.

तुझी
रुद्राणी

•

नांदेड
७ मार्च १९८६

रुद्री,

सलाम. कान सोड, लाल होतील.

तुझं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. आधी त्यांना पटेना. "घर है, पलंग है, फिर लडकी मोटार में कायको सोती?" मी विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "बच्ची सच्ची है. बनाएंगे." त्यानंतर त्यांच्या तोंडाची टकळी सुरू झाली. ते बोलले ते सगळं लिहिते, नीट वाच.

प्लायवर काथ्या, काथ्यावर कापूस, वर जाड कापड आणि खालून रेक्झिन. गादी प्लायला ठोकून बसवायची, म्हणजे गाडीत सरकत नाही. दोन तुकडे करायचे आणि मधे बिजागरी. खाली चार लाकडी घोड्या, त्यामुळे गादीखाली कागद आणि भाकरीचा डबा ठेवायला जागा होते. डोकं पुढे, पाय डिकीत. डोकं डिकीत ठेवलंस तर पहाटे कुणी झाकण उघडायचं आणि बेशुद्ध पडायचं. चारी खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड टिचबटणांवर बसवायचं आणि काचा चार बोटं खाली ठेवायच्या, नाहीतर गुदमरशील. उतारावर गाडी लावायची असेल तर चाकाखाली दगड, आणि डोक्याची बाजू उंचावर. पेंडीचा वास आणि मुंग्या जाव्यात म्हणून आठ दिवस आधी लोबान जाळायचा.

पडदे मी शिवणार. अब्बांनी तरुणपणी इथल्या पडदानशीन बायकांच्या मोटारींना पडदे केले होते. तसाच जाड काळा कपडा काढून बसलेत. मी म्हटलं, "अब्बा, ती विहीर मोजायला चालली आहे, सासरी नाही." मी निळ्या फुलांचा घेतला आहे.

एक काम तुझं. अब्बा गाडी मोजत नाहीत, म्हणतात सगळ्या अँबॅसिडर सारख्या. ते झोपणाऱ्याला मोजतात. तुझ्या उंचीची सुतळी गाठ मारून पाठव.

तुझी
शकिला

•

लातूर
१० मार्च १९८६

प्रिय शकिला,

सुतळी सोबत आहे.

ती मोजताना घरात केवढा गोंधळ झाला! मी सतरंजीवर आडवी पडले आणि अव्वाला म्हटलं, डोक्यापासून टाचेपर्यंत धर. तिनं सुतळी खाली टाकली. "ऊठ आधी! जित्या माणसाला झोपवून मोजत न्हाईत गं. कुणाला मोजतात ठाऊक हाय ना?" ते ठाऊक असूनही मी वाद घातला, हे अंधश्रद्धेचं वगैरे म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "हाव, तू बीए झालीस. पण आई मीच हाय." मग दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. तिनं स्टुलावर चढून गाठ मारली. हे पाकीट अप्पा पोस्टात टाकतो म्हणतात.

गल्लीत लोबानाचा धूर पाहून लोक विचारतात, नवी गाडी घेतली का? अप्पा सांगतात, "न्हाई, जुनीलाच पदवी मिळाली."

तुझी
रुद्राणी

•

नांदेड
२० मार्च १९८६

रुद्री,

बिछाना आज सकाळच्या लातूर गाडीच्या टपावर चढवला आहे. कंडक्टरला अब्बांनी तीनदा बजावलं. पडदे आणि जाळ्या आत गुंडाळल्या आहेत.

आता खरं सांग. हॉस्टेलात तू माझ्या कानापर्यंत यायचीस, आणि मी आहे पाच फूट पाच. तुझी सुतळी अब्बांच्या फुटपट्टीवर सहा फूट दोन इंच भरली. मी दोनदा मोजली. पदवी मिळाली की माणूस वाढतो का? की या बिछान्यावर दुसरंच कुणी झोपणार आहे? उंच आहे म्हणजे पोलिसात असेल. मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? अब्बांनाही शंका आली. ते म्हणाले, "पूछना मत. बच्ची सच्ची है."

मी विचारलं नाही. पण आता विचारते आहे.

शकिला

•

लातूर
२६ मार्च १९८६

शकिला,

उंच कुणीही नाही! पोलीस तर मुळीच नाही.

बिछाना इतका सुंदर झाला आहे की मला रडू आलं, आणि तो गाडीत मावत नाही. डिकीतून हातभर बाहेर येतो. अप्पांनी झाकण बांधायला दोरी आणली तर बांधल्यावर गाडी तोंड उघडून हसल्यासारखी दिसायला लागली. सगळी गल्ली जमली होती. समोरचे डाळवाले म्हणाले, "पाय बाहेर ठेवू द्या की, हवा लागंल."

मी घरातच चौकशी सुरू केली. आधी अव्वा. ती म्हणाली, "जित्या माणसाचं माप बरोबर बांधत न्हाईत. चार बोटं वर घेतली." मग अप्पा जरा खाकरले. त्यांनी पोस्टात पाकीट उघडलं होतं. गाठ सोडून एक वीत वाढवली आणि पुन्हा मारली. तेच कारण. "तुझ्या अव्वानं आधीच केलंय हे मला काय ठाऊक?" दोघं एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे मी पाच फूट दोनची सहा फूट दोन झाले ते इथेच. पण बिछाना सहा फूट नऊ इंच आहे! मधले सात इंच कुठून आले? ते नांदेडात झालं असणार. मला काहीच समजत नाही.

शिवाय अप्पांनी पोटासाठी पुढची सीट केव्हातरी एक वीत मागे घेऊन बोल्ट मारले होते, हे आज कळलं. सगळ्या अँबॅसिडर सारख्या नसतात असं चाचांना सांग. अप्पा ती सीट परत पुढे घ्यायला तयार झाले आहेत. "पोट आत घेऊन चालवीन," म्हणाले. गाडी मिस्त्रीकडे आहे, बिछाना उद्याच्या एसटीने परत पाठवते आहे.

आणि सोमवारी माळेवाडी. बिछाना नाही, गाडी नाही. साहेबांना तारीख बदला म्हटलं तर म्हणाले, "विहीर तुमच्यासाठी थांबणार आहे का?" रविवारी एसटीने किल्लारीला उतरून जीपने जाणार. सरपंच अमृतराव यांच्याकडेच उतरावं लागणार.

एकच रात्र आहे. मी रेघ सरळ मारीन.

रुद्राणी

•

नांदेड
२ एप्रिल १९८६

रुद्री,

सात इंचांचा गुन्हा कबूल. तीन इंच अब्बांचे, पाय ताणायला. चार इंच माझे. झोपेत तू हात डोक्यावर टाकायचीस आणि खाटेच्या पट्टीला आपटून ओरडायचीस, म्हणून. अब्बांनी वाढवले ते मला माहीत नव्हतं, मी वाढवले ते त्यांना नाही. तुझं पत्र वाचल्यावर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सबने बढाया, किसीने बोला नहीं!" आता कापून पाच फूट सात करून राहिलेत. पूर्ण दिवस गेला आणि माझ्यावरही चिडले, पण चहा दोनदा मागितला, म्हणजे फार नाही.

माळेवाडीचं काय झालं? विहीर कशी होती? अमृतराव कसे आहेत? सगळं लिही. इथे मुदखेडहून येणाऱ्या गाडीतून लोक पाण्याचे डबे घेऊन उतरतात. ते पाहिलं की तुझी आठवण येते. मला अभिमान वाटतो, असं तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून पत्रात लिहिते.

शकिला

•

लातूर
९ एप्रिल १९८६

प्रिय शकिला,

तुझं पत्र पोचलं. माळेवाडीचं काम झालं. टँकर मंजूर झाला, सोमवारपासून सुरूही झाला. अमृतराव आणि त्यांच्या घरची माणसं चांगली आहेत.

पडद्यांची टिचबटणं आतून लावायची की बाहेरून?

चाचांना माझा नमस्कार सांग. त्यांना फार त्रास दिला.

रुद्राणी

•

नांदेड
१२ एप्रिल १९८६

रुद्री,

आतून. बाहेरून लावलीस तर बाहेरचा माणूस उघडेल, एवढं बीएला कळायला हवं.

बिछाना पुन्हा टपावर टाकला आहे.

हॉस्टेलात मेसची आमटी पातळ झाली तरी तू दोन पानं लिहायचीस. पहिलं गाव मोजलंस आणि चार ओळी? किती घागरी निघाल्या तेसुद्धा नाही. मला वाटलं चार इंचांवरून रागावलीस. रागावली असशील तर तसं लिही. नसशील तर काय झालं ते लिही.

शकिला

•

लातूर
१७ एप्रिल १९८६

प्रिय शकिला,

रागावले नाही गं. तुझ्यावर कशी रागावेन?

बिछाना बसला! घोड्या हलत नाहीत, झाकण पूर्ण लागतं, आणि पाय डिकीत टेकले की बरोबर चार बोटं जागा उरते. अव्वा ती जागा बोटांनी मोजून गेली. खाली डाव्या बाजूला फॉर्म, उजव्या बाजूला भाकरी आणि चटणी, पायाशी तेलाचा पंधरा किलोचा डबा. सोड्याने चारदा धुतला, त्यात पाणी. अप्पांना सकाळी आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय घोटभर पाणीही चालत नाही, म्हणून त्यांचा तांब्या वेगळा.

काल सरावासाठी घरासमोरच गाडीत झोपले. काचा चार बोटं खाली, जाळ्या बसवलेल्या, निळे पडदे. आधी फार उकडलं, मग पहाटे गार वारा आला आणि इतकी शांत झोप लागली! जाग आली ती काच वाजली म्हणून. दूधवाला विचारत होता, "ताई, ही भाड्यानं देता का? बायकोला माहेरी न्यायचीय." अप्पांनी आतून ओरडून सांगितलं, "न्हाई, सरकारी कामाची हाय!" त्यांना ते वाक्य इतकं आवडलंय की गिऱ्हाइकांना उगाच सांगत असतात.

मला मात्र त्यांनी ते म्हटलं की कुठे बघावं ते कळत नाही.

रविवारी निघणार.

रुद्राणी

•

नांदेड
१९ एप्रिल १९८६

रुद्री,

का कळत नाही?

मी एवढंच विचारते आहे. पुढचं पत्र त्यानेच सुरू कर.

शकिला

•

लातूर
२६ एप्रिल १९८६

प्रिय शकिला,

तू सांगितलंस तसंच सुरू करते.

माळेवाडीत दोनशे सहा घागरी निघाल्या. मी फॉर्मवर एकशे शहाण्णव लिहिलं.

अमृतरावांनी मला धमकावलं नाही. धमकावलं असतं तर बरं झालं असतं, मी बरोबर आकडा लिहून ताठ मानेनं परत आले असते. मी पोचले तेव्हा त्यांच्या बायकोनं माझे पाय धुवायला पाणी काढलं. मी नको नको म्हणत होते. जेवायला बसल्यावर त्यांनी आपल्या ताटातला दह्याचा गोळा माझ्या भातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आमची पोर तुझ्याएवढीच, तिकडं सासरी हाय." पहाटे विहिरीवर दोनशे सहा रेघा मारल्या. पाच-पाचचे गठ्ठे दोनदा मोजले. निघताना अमृतराव हळूच म्हणाले, "बाई, मे महिन्यात हीच विहीर शंभरावर येणार. तवा कोण मोजायला येणार हाय? दोनशेच्या आत लिहा. तुमचं काय जातंय?" मी पिशवी उचलून निघाले. जीपची वाट बघत पारावर बसले, रेघांचा कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला आणि फॉर्म भरला.

आठ दिवसांत टँकर आला. तिथल्या बायकांनी निरोप पाठवला, पोरीचं भलं होवो. शकिला, मला आनंदच झाला गं, खरा आनंद! आणि रात्री झोप येईना. ज्या गावाच्या हातून तो टँकर गेला असेल ते कोणतं, हे मला माहीत नाही. माझं माप वाढवलं म्हणून मी तुम्हा चौघांना काय काय बोलले, आणि नंतर स्वतः हे केलं. तुम्ही निदान विचारल्यावर सांगितलंत.

म्हणून जांभळवाडीत सगळं नीट करायचं ठरवलं होतं. गाडी गावाबाहेर चिंचेखाली लावली, चाकांना दगड. सरपंच बोलवायला आले, त्यांना हात जोडले. भाकरी गाडीतच खाल्ली. अप्पांना मात्र देवळातून कुणीतरी बाज आणून दिली आणि त्यांनी ती लगेच घेतली. तुझ्या पडद्याआड मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

चारला उठून विहिरीवर गेले. गाडीपासून विहीर लांब नाही, पण मधे बांध आहे, त्यामुळे गाडी दिसत नाही. बायका रांगेत होत्या, कुणी भांडत नव्हतं. शेवटी दोराबरोबर चिखल वर आला तेव्हा रेघा झाल्या दोनशे तीन. मी तीनदा मोजलं. तीन घागरींसाठी या गावाला टँकर नाही. एका म्हातारीनं, धुरपताबाईनं, विचारलं, "किती झाल्या गं?" मी म्हणाले, "कचेरीत कळेल." ती हसली. "म्हंजी न्हाई मिळत."

मी मनात म्हटलं, या वेळी खरं लिहायचं. खरं लिहिणं म्हणजे या म्हातारीच्या तोंडचं पाणी काढणं असेल तरी. मला ते बरोबर आहे की नाही ते कळत नव्हतं, पण तेवढं तरी धरून ठेवायचं असं ठरवून गाडीकडे आले.

अप्पा आंघोळ करून बसले होते. कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. खाली जमीन ओली. आमचा डबा, जो रात्री तळाला गेला होता, काठोकाठ भरलेला. बॉनेट उघडं आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाणी.

पूजा होईपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "अप्पा, पाणी कुठलं?"

"बायकांनी आणून दिलं. पाच घरच्या पाच घागरी. त्यांच्याकडं रीतच हाय, शिवेवर उतरलेल्याला पाणी द्यायचं. ती म्हातारी म्हणाली, पोरगी आमच्यासाठी जागून राहिली अन् तिचा बाप बिनआंघोळीचा बसंल व्हय? दोन माझ्या आंघोळीला अन् पूजेला, एक रेडिएटरला, दोन डब्यात."

"आणि तुम्ही घेतलं?"

"कुणी पाणी आणून दिलं तर न्हाई कसं म्हणायचं गं?"

माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांवर ओरडले. त्या पाच घागरींच्या रेघा मीच मारल्या होत्या. बांधाकडे चाललेल्या बायका मला दिसल्या होत्या, पण मला वाटलं त्या वरच्या वस्तीवर चालल्या आहेत. दोनशे तीनमधल्या पाच आमच्या गाडीला! गावाला एकशे अठ्ठ्याण्णवच मिळाल्या होत्या. त्यांचा टँकर माझ्या बापाच्या आंघोळीनं आणि अँबॅसिडरच्या रेडिएटरनं घालवला असता, आणि तोही माझ्या खऱ्या आकड्यानं.

डब्यातलं पाणी तरी परत द्यावं म्हणून मी तो ओढत धुरपताबाईकडे नेला. तिनं हातही लावला नाही. "दिलेलं पानी माघारी घिऊन कुठं जाऊ?"

मी गाडीत शिरले, पडदे लावले आणि फॉर्म काढला. 'उपसलेल्या घागरी' असा एकच रकाना. दोनशे तीन लिहिलं तर गाव बुडतं. एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं तर माळेवाडीसारखंच दिसतं, पारावर बसून केलेलं. कितीतरी वेळ पेन हातात धरून बसले होते. अप्पांनी पडदा सारून विचारलं, "काय झालं?" मग त्यांना सगळं सांगितलं. माळेवाडीचंही. गाडीच्या दाराशी उभं राहून त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता ओरडतील, कारण 'सरकारी कामाची हाय' असं ते बाजारभर सांगत होते.

ते म्हणाले, "रकाना न्हाई तर पाडून घे."

मी पट्टीनं रेघ मारून दोन रकाने केले. गावाला मिळालेल्या, एकशे अठ्ठ्याण्णव. पाहणी करणारीच्या गाडीला दिलेल्या, पाच. खाली कारण लिहिलं, 'वडिलांची आंघोळ, गाडी व पिण्यास'. त्यांनी वाचलं आणि माझ्या हातातून पेन घेतलं. "वडील म्हंजी कोण? वडील काय कुणाचेबी असतात." माझा शब्द खोडून त्यांनी पेंडीच्या पावतीवर लिहितात तशा जाड अक्षरात लिहिलं, 'ईश्वरप्पा मलप्पा शेटकार, पेंडीचे व्यापारी, लातूर'. आणि खाली सही केली. मग दुसरा कोरा कागद पुढे केला. "आता माळेवाडीचं लिही."

मंगळवारी मी दोन्ही कागद आणि माळेवाडीच्या रेघांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी जांभळवाडीचा वाचला, दोनदा. हसले का ते कळलं नाही. "हा रकाना कोणी पाडला?" मी म्हणाले, मी. तो त्यांनी मंजुरीच्या गठ्ठ्यात ठेवला. मग माळेवाडीचा वाचला आणि रेघांचे गठ्ठे स्वतः मोजले. शेवटी म्हणाले, "काढून टाकायला हवं तुम्हाला. पण मग हे परत मोजणार कोण?" माळेवाडीचा टँकर आजपासून थांबवला आहे. सोमवारी मी पुन्हा मोजायची. दोनशेच्या आत निघालं तर सुरू, नाहीतर तो दुसऱ्या गावाला. कामाचं काय ते मोजणीनंतर ठरणार.

महिना झाला आहे. विहीर आटली असेल तर त्यांचं भलं होईल. विहीर आटावी अशी मी रोज सकाळी प्रार्थना करते आहे आणि मग दचकते. असं कधी कुणी मागितलं असेल का?

साहेब म्हणाले, गावाला चिठ्ठी पाठवू. मी म्हणाले, नको, मी सांगते. उद्या दुपारी निघणार. अव्वानं भाकऱ्या जास्त बांधल्या आहेत. बाहेर अप्पा पोट आत घेऊन सीटवर बसून बघत आहेत. जांभळवाडीला जाऊन आले तरी सवय झालेली नाही, चार गल्ल्या हिंडून आले म्हणजे होईल म्हणतात. बिछाना, पडदे, डबा, सगळं तयार आहे. पाणी या वेळी दोन डबे.

अमृतरावांच्या दारात जायचं नाही असं मी आधी ठरवलं होतं. गाडी सरळ विहिरीजवळ लावायची आणि पडदे ओढून घ्यायचे. पण टँकर कुणामुळे थांबला ते त्यांना पडद्याआडून सांगता येणार नाही. म्हणून आधी त्यांच्याच ओसरीवर जाणार, त्यांच्या बायकोसमोर उभी राहणार आणि सांगणार. पुढचं सगळं मनात दहा वेळा म्हणून पाहिलं आहे. एवढंच ठरत नाही, की मी उन्हातून आलेली बघून त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या, तर तो हातात घ्यायचा की नाही.

तुझी
रुद्राणी